टाकीवरची रेघ

मोटारसायकलच्या टाकीवर हाताने रेघ ओढणं म्हणजे काही पोरखेळ नव्हे. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही, खडूची खूणसुद्धा नाही. खारीच्या केसांचा एक लांब ब्रश, चमचाभर एनॅमल रंग आणि श्वास रोखून धरायची तयारी, एवढ्यावर सगळा कारभार. रेघवाल्याने हा कारभार सदतीस वर्षं केला होता. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर ठळक लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. सगळे त्याला रेघवाला म्हणत आणि तोही त्याच नावाला ओ देई.

माणूस मनाने मऊ, पण तोंडाचा फटकळ. त्याच्या दुकानात एकच कायदा होता: गाडी आणायच्या आधी आठ दिवस टाकीला पॉलिश लावायचं नाही. पॉलिशचा तेलकटपणा टाकीवर राहिला की वरचा रंग धरत नाही, जागोजागी मागे सरतो आणि रेघेत मोहरीएवढे डोळे पडतात. कोणी चकचकीत टाकी मिरवत आला, तर रेघवाला त्याची बिनपाण्याने करी. दुकानात पॉलिशची बाटली औषधालासुद्धा सापडली नसती.

त्याची एकुलती एक लेक याच दुकानात वाढली. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात भिरकावायची आणि बादली, साबण, ओला करून वापरायचा घासकागद, म्हणजे वॉटर पेपर, घेऊन टाक्या घासायला बसायची. रंगाआधीचं सगळं घासकाम तिचं. पुढे ती शिकली, आणि एका मोठ्या मोटारसायकल कंपनीच्या जाहिरात विभागात लागली. त्या दिवशी रेघवाला गल्लीभर सांगत सुटला होता. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही त्याने सांगितलं.

तर या कंपनीने तरुण पोरांसाठी एक नवी गाडी काढली. मागचं मडगार्ड कापून टाकल्यासारखं, सीट चपटी आणि तपकिरी, हँडल ऐसपैस. जणू कुणा हौशी पोराने वर्षभर गॅरेजमध्ये खपून स्वतःच्या हाताने घडवली असावी. प्रत्यक्षात ती कारखान्यातून एकीसारखी एक अशी बाहेर पडत होती. टाकीवर रेघाही होत्या, पण स्टिकरच्या. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त तुझी'. रेघवाल्याने ते चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, फक्त तुझी म्हणजे तुझी आणि आणखी किती जणांची? पहिल्या महिन्यात बाराशे जणांची, असं लेकीने सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

लेकही हसली, पण नंतर तिने आपलं म्हणणं मांडलं. विशीतली पोरं वेडी नाहीत, स्टिकर त्यांना चार हात लांबून कळतो. त्यांना खरं हातचं काम हवंय, फक्त ते कुठे मिळतं हे ठाऊक नाही. म्हणून तिने कंपनीच्या मागे लागून लागून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. शोरूममध्ये गाडी दाखवायच्या पहिल्या दिवशी एक कोरी टाकी ठेवायची आणि कसलेल्या कारागिराने ती सगळ्यांदेखत रंगवायची. लोकांना आवडलं, तर पुढे गिऱ्हाइकाला कोरी टाकी मागता येईल आणि रेघ त्याच्या जवळच्या कारागिराकडून ओढून घेता येईल. ही तिची पहिलीच स्वतःची योजना. आणि कारागीर अर्थातच तिच्या डोळ्यांसमोर एकच होता.

रेघवाला मनातून हुरळला. वरून मात्र म्हणाला, बघू, सवड काढावी लागेल. तेव्हा लेक नजर खाली घालून म्हणाली, "बाबा, एक आहे. तिथे मला मॅडम म्हणाल का?"

मग तिने कारण सांगितलं. नोकरी लागली तेव्हा आजूबाजूला सगळी बड्या घरची मुलं. वडील काय करतात असं विचारल्यावर ती नुसतंच 'व्यवसाय' म्हणून मोकळी झाली होती. ते तसंच राहून गेलं. आता एकदम कसं सांगायचं? शिवाय तिच्या वरच्या साहेबांना वाटेल, बापाला पुढे करण्यासाठीच हिने ही योजना काढली.

रेघवाला म्हणाला, चालेल की, मॅडम तर मॅडम. त्याने त्यावर एक विनोदही केला. पण ती गेल्यावर तो बराच वेळ एकाच ब्रशचे केस सारखे करत बसला. लेकीला आपल्या कामाची लाज वाटते, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना. तिच्यावर रागवावं तर तसा रागही येईना. शेवटी त्याने ठरवलं, काम असं करायचं की ज्याने त्याने विचारावं हा कोण म्हणून. आणि तेव्हा ती काय सांगते ते बघायचं. इतकं साधं मागणं होतं त्याचं, पण ते तो मरेपर्यंत तोंडाने मागणार नव्हता.

ठरलेल्या दिवशी तो शोरूममध्ये दीड तास आधीच जाऊन थडकला. सफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या, बाकी शुकशुकाट. मधोमध उंच चौथऱ्यावर गाडी उभी, काळी कुळकुळीत, टाकी कोरी. जवळ जाऊन बघतो तर टाकीवर बोटांचे ठसे आणि ट्रकमधून आलेली धूळ. लेकीचा एवढा मोठा दिवस आणि गाडी ही अशी पारोशी? शेजारच्या फळीवर एक बाटली आणि मऊ फडकं पडलेलं होतं. रेघवाल्याने बाटली उचलली, फडक्यावर चार थेंब घेतले आणि लेकीची वेणी घालावी तशी ती टाकी मायेने चकाचक करून ठेवली. सदतीस वर्षांत ज्या बाटलीला त्याने दुकानाचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, तीच ती बाटली. त्या घडीला तो रेघवाला नव्हताच, नुसता बाप होता, आणि नुसत्या बापाला पॉलिश म्हणजे काय हे कुठून आठवणार?

दुपारी शोरूम भरलं. चाळीसेक पोरंपोरी, कुणाच्या काखेत हेल्मेट, सगळ्यांच्या हातात फोन. लेक कोट घालून, कॉलरला माइक लावून बोलत होती आणि छान बोलत होती. तिचे साहेब मागे हाताची घडी घालून उभे. उठता बसता पडद्यावर स्लाइडी दाखवायची त्यांना इतकी सवय की कंपनीत त्यांना पाठीमागे स्लाइडसाहेब म्हणत. आजही मोठ्या पडद्याचा हट्ट त्यांचाच होता. टाकीच्या वर कॅमेरा लावलेला, आणि रेघवाल्याचा हात पडद्यावर पुरुषभर मोठा दिसत होता.

"आणि आता," लेक म्हणाली, "एक अनुभवी कारागीर."

एक अनुभवी कारागीर. रेघवाल्याला ते जिथे लागायचं तिथे लागलं. पण त्याने ब्रश भरला, श्वास रोखला आणि टाकीच्या पुढच्या टोकापासून रेघ खेचायला घेतली. चार बोटं रेघ सुरेख गेली. पोरांनी फोन वर केले. आणि मग पडद्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ती रेघ फाटायला लागली. रंग मागे सरकला, पहिला डोळा पडला, त्याच्या शेजारी दुसरा, बघता बघता रेघेची चाळण झाली. कोणीतरी खुदकन हसलं. मागून एक जण म्हणाला, यापेक्षा स्टिकर बरा.

रेघवाल्याला क्षणात सगळं उमगलं. त्याने वर पाहिलं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

स्लाइडसाहेब झपझप पुढे आले. टाकीला कोणी काय लावलं, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सफाईच्या मावशींकडे वळले. मावशी बिचाऱ्या भांबावून गेल्या. रेघवाल्याने मनात आणलं असतं तर गप्प राहता आलं असतं. त्याची लाज झाकली गेली असती, लेकीच्या योजनेवरही शिंतोडा उडाला नसता, आणि मावशींचं ऐकायला आलं होतं कोण?

"त्यांना काही म्हणू नका," तो म्हणाला. "पॉलिश मी लावलं. सकाळी."

"तुम्ही? आणि तुम्ही या कामातले जाणकार?"

"हो. जाणकारच. जन्मभर लोकांना यावरून शिव्या घातल्या. आज मीच गाढवपणा केला." जरा थांबून तो खाली बघत म्हणाला, "टाकी मळलेली दिसली. आजच्या दिवशी बरी दिसावी, असं वाटलं."

स्लाइडसाहेबांना यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी कॅमेरा बंद करायची खूण केली आणि पाहुण्यांना चहाकडे वळवा म्हणून लेकीला सांगितलं. रेघवाला ब्रश पुसून घ्यायला लागला. घाईघाईने त्याने दुसऱ्या हाताने खिशातला वॉटर पेपर काढला, निदान घाण तरी साफ करून जावं म्हणून, आणि तो टाकीला टेकवणार इतक्यात कोणीतरी त्याचं मनगट धरलं.

"बाबा, थांबा. आधी साबण. पेपर आधी मारलात तर तेल आणखी आत जाईल. सरका जरा."

माइक चालूच होता. 'बाबा' हा शब्द छतावरच्या चारही कर्ण्यांतून शोरूमभर घुमला. चहाकडे निघालेली पोरं जागच्या जागी थबकली. स्लाइडसाहेबांचा हात खूण करता करता हवेतच राहिला. लेकीच्याही ते लक्षात आलं. मानेपर्यंत लाल झाली, पण माइक बंद करायला तिने हात काही वर नेला नाही. कोट काढून तिने खुर्चीवर टाकला, बाह्या वर सारल्या, आणि मावशींकडे बादली मागितली. मावशींनी ती अशा तत्परतेने आणली की पुसलेल्या फरशीवर पाणी सांडलं तरी त्यांना पर्वा नव्हती.

मग चौथऱ्यावर गुडघे टेकून ती टाकी धुवायला लागली. साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग थिनर, दर वेळी फडक्याची नवी घडी. त्यानंतर ओला वॉटर पेपर, एकाच दिशेने, हलक्या हाताने. रेघवाला शेजारी उभा राहून नुसता बघत होता. इतक्या वर्षांत हात विसरला नव्हता पोरीचा.

गंमत अशी झाली की चहाकडे कोणी फिरकलंच नाही. रेघ बघायला जेवढी पोरं पुढे आली नव्हती तेवढी घासकाम बघायला आली. कंपनीची मॅडम नव्याकोऱ्या गाडीची चमक स्वतःच्या हाताने उतरवतेय, हे त्यांनी कुठल्या जाहिरातीत पाहिलेलं नव्हतं. हेल्मेटवाली एक मुलगी अगदी चौथऱ्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी घासून बघू का? लेकीने तिच्या हातात पेपर दिला आणि जोर कसा लावायचा नाही ते दाखवलं. मुलीपाठोपाठ आणखी दोघं आले. मघाशी स्टिकर बरा म्हणणारा तर फडकी पिळून देत होता. मुलीने घासता घासताच विचारलं, मी हीच गाडी घेणार आहे, मला कोरी टाकी मिळेल का, आणि ती मीच घासून आणली तर चालेल का?

स्लाइडसाहेब हे सगळं ऐकत होते. माणूस ताठ असला तरी त्याला आपला धंदा कळत होता. त्यांनी कॅमेरा पुन्हा सुरू करायला सांगितलं. मग लेकीजवळ वाकून त्यांनी विचारलं, हे तुमचे वडील? कधी बोलला नाहीत. ती म्हणाली, बोलायला हवं होतं. तेही तेवढ्यावर थांबले.

टाकी वाळली. आता ती चकाकत नव्हती, पाटीसारखी मंद काळी दिसत होती. लेकीने ओले हात स्वतःच्या भारी पँटला पुसले, पोरांकडे तोंड केलं आणि सांगायला लागली. मघाशी मी यांची ओळख नीट करून दिली नाही, म्हणाली. हे माझे बाबा. यांच्या दुकानात मी टाक्या घासत मोठी झाले, माझी फी या ब्रशमधून आली, आणि गाडी कशी घडते हे मला कंपनीत यायच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. इथे चार वर्षं झाली, पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, ते आता माझं मलाच कळत नाहीये.

रेघवाल्याने ब्रश रंगात बुडवलेला होता, पण तो टाकीपर्यंत नेईना. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं, ब्रशचं टोक थरथरत होतं. सदतीस वर्षांत त्या हाताला असलं काही झालं नव्हतं.

"पोरी," तो शेवटी म्हणाला, "आता जरा गप्प बस. हात हलतोय माझा."

पोरं हसली, मावशीही हसल्या. लेकीने डोळे पुसले, माइक बंद केला आणि येऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. त्याने दोन-तीन वेळा श्वास घेतला, चौथा रोखून धरला, आणि ब्रश टेकवला. रेघ टाकीच्या टोकापासून निघाली, झाकणाला वळसा घालून सीटपर्यंत गेली, आणि कुठेही फाटली नाही.