दह्याच्या पाण्यातली राख

नाना गेल्यापासून अनुजाचं सगळं कसं वेळच्या वेळी चाललं होतं. दादरच्या प्रयोगशाळेत जायचं, नमुने तपासायचे, लालबागला परत यायचं, पानात पडेल ते खायचं. चाळीतल्या बायका म्हणत, पोरगी धीराची. धीर कसला डोंबलाचा! दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी ती अख्खीच बधिर झाली होती. मसाला जास्त झाला तरी कळत नसे आणि कोणी प्रेमाने पाठीवर हात ठेवला तरी कळत नसे.

नाना म्हणजे तिचे वडील, गणपतीचे मूर्तिकार. प्लास्टरला त्यांनी जन्मभर हात लावला नाही. पण शाडूची मूर्ती जड होते, तडकते, म्हणून गिऱ्हाईक कुरकुरायचं. मग शेवटची दोन वर्षं नाना शाडूत वीजकेंद्रातली कोळशाची राख मिसळून बघत होते. मिश्रण फक्कड जमलं. मूर्ती हलकी, गुळगुळीत, पाण्यात विरघळणारी. येईल त्याला ते सांगत, "आता आमची अनू तपासून देईल. मग कोणाची बिशाद आहे बोलायची!" राखेतलं शिसं, आर्सेनिक पाण्यात किती उतरतं हे बघणं हे अनूचं रोजचंच काम. जगभराच्या राखा तपासणाऱ्या लेकीला बापाची राख तपासायला मात्र सवड झाली नाही. फाल्गुनात नानांच्या किडन्या गेल्या आणि पाठोपाठ नाना. डॉक्टरांनी वय आणि डायबिटीस यांच्यावर बोट ठेवलं.

कारखाना आता तिचा मोठा भाऊ राजेश बघत होता. यंदाच्या सगळ्या मूर्ती त्याने नानांच्याच मिश्रणाच्या केल्या होत्या. "तेवढं तपासून दे गो," तो म्हणाला. "नानांचा शब्द आहे."

अनुजाने एका मूर्तीचा तुकडा कुटला, शुद्ध पाण्याबरोबर प्लास्टिकच्या बाटलीत घातला आणि बाटली गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर चढवली. दुसऱ्या दिवशी पाणी गाळून तपासलं. शिसं नाही, आर्सेनिक जेमतेम. तिने फोन केला, "दादा, पास." पलीकडे राजेश रडायला लागला. "ठेवते," ती म्हणाली.

आठवडाभराने डबा खाताना मनवा, तिच्या शेजारच्या टेबलावरची, सहज म्हणाली, "काय गं, तुमचा बाप्पा शुद्ध पाण्यात बुडतो वाटतं? आमच्या फणसवाडीत तर बादलीत दह्यासकट जातो."

अनुजाचा हात थांबला. त्यांच्या घरीही तेच. उत्तरपूजेला देवाच्या हातावर दही ठेवायचं आणि मूर्ती बादलीत सोडायची. दही, पंचामृत, दूर्वा, फुलं, सगळं त्यातच. माती विरेपर्यंत पाणी आंबतं. मग ते देवाचं पाणी म्हणून गॅलरीतल्या डब्यांत घालायचं, तुळशीला आणि अळूला. लहानपणापासून ती बादली तिने स्वतः ढवळली होती. पण तपासणीच्या पद्धतीत दही नव्हतं, म्हणून तिच्याही डोक्यात आलं नाही. शिकलेलं माणूस असं चुकतं.

या वेळी तिने अख्खी मूर्ती घेतली, बादलीत नळाचं पाणी, डेअरीतलं दही, बाजारातली फुलं. चार दिवसांत प्रयोगशाळेत नाक धरायची पाळी आली. पाणी गाळून तपासायला लावलं, तर आंबट पाण्याने राखेतून ओढून काढलेलं आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी वर, शिसंही. तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आपल्याला आता धक्का बसायला हवा, असं तिला वाटलं. तिने बादली धुऊन उपडी घातली.

कारखान्यात राजेश रंगाला बसला होता.

"दादा, मूर्ती कोणाला देऊ नकोस."

सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पहिल्यात पास होती ना? मग तोच रिपोर्ट दे. दही घालून कोण बघायला बसलंय?"

"लोक ते पाणी अळूला घालतात. अळू खातात."

"अनू, अख्खा सीझन आहे हा! नानांचं नाव आहे!"

"म्हणूनच सांगते, देऊ नकोस."

तो उठला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ओरडणार असं वाटलं. पण त्याचा आवाज एकदम उतरला.

"नाना ह्यात कोपरापर्यंत हात घालून असायचे. मळता मळता मध्येच तंबाखू चोळायचे. त्याच हातांनी. मी सांगायचो, हात धुवा म्हणून. म्हणजे नाना ह्यानेच..."

"ते मी तपासलेलं नाही."

"मग तपास ना!"

काय तपासणार? नानांच्या अस्थी राजेशनेच बाणगंगेत सोडल्या होत्या. असू शकेल, नसूही शकेल, एवढंच खरं होतं आणि ते कधीच याहून जास्त खरं होणार नव्हतं. हे सगळं त्याला समजावून सांगायला हवं, जवळ घ्यायला हवं, हे अनुजाला कळत होतं.

"यंदाची माती कोणी मळली?" तिने विचारलं.

"मीच. दुसरं कोण आहे?"

"तीन-चार दिवस मासे खाऊ नकोस. मग लघवीचा नमुना आणून दे. माशांतही आर्सेनिक असतं, आकडा चुकतो."

राजेशने रंगाचे हात फडक्याला पुसले.

"श्रावण चालू आहे गो," तो म्हणाला. "मासे खातंय कोण?"

"मग उद्याच आण," अनुजा म्हणाली.