तेवीस घरांचे एकमत

‘चोवीस घरांपैकी तेवीस घरांत पती आणि पत्नी यांची नेतृत्वविषयक उत्तरे तंतोतंत सारखी आहेत. इतके मतैक्य मानवी स्वभावात संभवत नाही. सबब या मुलाखती प्रत्यक्षात झालेल्याच नाहीत. सदर फॉर्म मुलाखतकर्तीने घरी बसून भरलेले आहेत.’

जनमत चाचण्या घेणाऱ्या लंडनमधील एका कंपनीने २००५ च्या जूनमध्ये कस्तुरी वझलवार या चोवीस वर्षांच्या मुलीवर ठेवलेला हा लेखी आरोप. यातले पहिले वाक्य खरे आहे. दुसरे लिहिणारा माणूस मराठी घरातल्या सोफ्यावर कधी बसलेला नाही, आणि तिसरे दुसऱ्याच्या भरवशावर उभे आहे.

मे महिन्यात सार्वत्रिक निवडणूक झाली होती. सत्ताधारी पक्ष तिसऱ्यांदा निवडून आला, पण त्याचे मताधिक्य आधीच्या निम्म्याहून खाली घसरले. विरोधी पक्षाच्या नेत्याने दुसऱ्याच दिवशी पद सोडण्याची घोषणा केली. पंतप्रधानांनी पूर्ण मुदत काढावी की पक्षाने आता दुसरा माणूस पुढे आणावा, हा प्रश्न सगळ्या देशाला पडला होता. निदान वर्तमानपत्रांना तो देशाला पडलेला हवा होता. त्याचे उत्तर समाजगटांनुसार कापून विकण्याचा कंपनीचा धंदा. हॅम्पशरमधल्या मराठी कुटुंबांचा तुकडा कस्तुरीच्या वाट्याला आला. ती नागपूरची, साउथहॅम्प्टनला एम.एस्सी. करत होती. काम नीट झाले तर सप्टेंबरपासून कायमची नोकरी आणि वर्क परमिट, असे कंपनीने तिला पत्र दिले होते. आरोप टिकला तर ते पत्र रद्द होणार होते आणि व्हिसा संपताच ऑक्टोबरमध्ये तिला परत जावे लागणार होते.

एक गोष्ट आरोपपत्रात नव्हती. आरोप ठेवण्यापूर्वी दोनच आठवडे कंपनीने याच अठ्ठेचाळीस फॉर्मांवर आपल्या अहवालाचे एक प्रकरण छापले होते. शीर्षक होते ‘एका सुरात बोलणारा समाज’. मग एका स्तंभलेखकाने थट्टा केली की आपल्याच घरात टोस्ट किती भाजावा यावर एकमत होत नाही, आणि इथे तेवीस जोडपी पंतप्रधानांवर एकमताची आहेत म्हणे! कंपनी घाबरली. जी गोष्ट विकताना एकजूट होती ती हिशेब मागितल्यावर लबाडी ठरली. फॉर्म तेच होते.

व्यवसायाच्या नियमांप्रमाणे अशा वेळी बाहेरचा परीक्षक नेमावा लागतो. मी केंब्रिजला वीस वर्षे सर्वेक्षणशास्त्र शिकवते आणि मला मराठी येते. दुसऱ्या पात्रतेमुळे मला बोलावले, हे कॉलिन प्रूएट या व्यवस्थापकाने लपवले नाही.

“तुम्ही पाहालच, डॉक्टर,” तो फोनवर म्हणाला. “नवराबायको इतके सारखे नसतात.”

“तुमचं लग्न झालंय?”

“दोनदा.”

“मग तुमचा नमुना माझ्यापेक्षा मोठा आहे,” मी म्हटले. “पण फॉर्म मला मूळ हवेत. टाइप केलेले नकोत.”

मूळ फॉर्मांत पहिल्याच संध्याकाळी दोन गोष्टी दिसल्या. नवऱ्यांच्या मुलाखतींना सरासरी पंचवीस मिनिटे लागली होती, बायकांच्या मुलाखतींना सहा. घरी बसून खोटे फॉर्म भरणारा माणूस वेळा सारख्या टाकतो. शिवाय खरे वाटावे म्हणून इथेतिथे मतभेद पेरतो. खोट्याला विश्वासार्हतेची काळजी असते. खऱ्याला नसते, म्हणून ते पुष्कळदा इतके अविश्वसनीय दिसते. दुसरी गोष्ट शेवटच्या पानावर होती. ‘मुलाखतीच्या वेळी दुसरे कोणी हजर होते का?’ या चौकटीत कस्तुरीने बायकांच्या तेवीस फॉर्मांवर ‘हो, पती’ असे लिहिले होते. म्हणजे कोणी मागण्याआधीच तिने स्पष्टीकरण देऊन ठेवले होते. हा रकाना कंपनीने संगणकात भरलाच नव्हता. ‘जागा वाचवण्यासाठी,’ असे मला लेखी कळवण्यात आले.

राहिला एक फॉर्म. सतरा क्रमांकाच्या घरात नवऱ्याने पंतप्रधानांनी राहावे म्हटले होते आणि बायकोने जावे म्हटले होते. तिथे चौकटीत लिहिले होते, ‘काही वेळ’.

मी घरे फिरू लागले. बेसिंगस्टोकला अनुप आणि नीना यांच्याकडे गेले. दोघे पुण्याचे, एकाच सॉफ्टवेअर कंपनीत, वर्क परमिटवर.

“आली होती की ती,” अनुप म्हणाला. “पूर्ण भिजून. नीनाने तिला सॉक्स दिले माझे.”

“परत नाही केले अजून,” नीना म्हणाली.

“दोघांनी मत दिलंत?”

“व्हिसावर असून देता येतं हेच आम्हाला फेब्रुवारीत कळलं! कॉमनवेल्थवाले म्हणून चालतं म्हणे. मग अनुपने कौन्सिलला फॉर्म पाठवला, दोघांचा.”

“ही ऑफिसात माझी सीनिअर आहे,” अनुप हसत म्हणाला. “घरी पण. तेवढं लिहा.”

“ते कुठल्याच रकान्यात बसत नाही,” मी म्हटले. “नीना, पंतप्रधानांनी पुढे नेतृत्व करावं की सोडावं?”

नीनाने एक क्षण विचार केला, मग नवऱ्याकडे वळली. “आपण काय म्हटलं होतं रे?”

इतके साधे होते ते. बाईच्या हाताखाली अकरा माणसे काम करत होती, तिच्या सहीने कोट्यवधींची कामे मार्गी लागत होती, आणि देशाच्या नेतृत्वाबद्दल आपण काय म्हटले होते ते तिला नवऱ्याला विचारावेसे वाटत होते. दडपण औषधालाही नव्हते. अनुप तर म्हणालासुद्धा, “अगं, तुला वाटेल ते सांग ना.” त्यावर ती म्हणाली, “अरे पण मी कशाला वेगळं बोलू? उगाच!”

त्या ‘उगाच’पुढे माझ्या शास्त्राजवळ काही नाही. पुढच्या नऊ घरांत तो मला निरनिराळ्या आवाजांत भेटला. “यांचं तेच माझं.” “ते बातम्या बघतात, मला कुठे वेळ?” “एका घरात दोन पक्ष कशाला?” प्रत्येक घराला कस्तुरी आठवत होती. एकीने तिला साबुदाण्याची खिचडी वाढली होती, एकाने तिच्याकडून मुलाचे गणित तपासून घेतले होते. मुलाखती झाल्या होत्या. सांगितलेले लिहिले गेले होते.

सतरा क्रमांकाचे घर साउथहॅम्प्टनला शशिधर मिरीकर यांचे. बहात्तर साली आलेले, बंदराच्या इंजिनिअरिंग खात्यातून निवृत्त, सत्ताधारी पक्षाचे तीस वर्षांचे सभासद. सुमनबाई शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षे काम करून त्याच सुमारास घरी बसल्या होत्या.

“राहायलाच हवं त्याने,” शशिधरराव म्हणाले. “युद्धाचं चुकलं असेल, मान्य. पण आपल्या माणसाला आपण खाली खेचायचं नसतं. हिचंही तेच. अगं, सांग ना त्यांना.”

“तेच,” सुमनबाई म्हणाल्या.

“मला त्यांच्याशी एकटीशी बोलावं लागेल. नियम आहे.”

“बोला की! मी बागेत जातो. नाहीतरी टोमॅटोला काठ्या लावायच्यात.” आणि ते खरोखरच गेले. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. इतक्या सज्जन माणसावर मला राग धरता येईना, याचाच राग आला.

“आता सांगा,” मी म्हटले.

“सांगितलं की. तेच लिहा.”

पहिल्या वेळी काय लिहिले गेले ते उत्तर देणाऱ्याला सांगायचे नसते. त्यांनी टेबलावरचा नसलेला कण पुसला.

“त्या मुलीला काही त्रास झालाय का हो?”

“तिची नोकरी जाऊ शकते. तिने घरी बसून फॉर्म भरले असा आरोप आहे.”

“अगंबाई!” त्यांनी बागेकडे पाहिले. “चांगली मुलगी आहे. नीट ऐकते.”

परतीच्या ट्रेनमध्ये मी माझा निष्कर्ष लिहिला, आणि मला तो आवडला. सुमनबाईंनी आज मला सवयीचे उत्तर दिले होते. मे महिन्यात, नवरा खोलीत नसताना, त्यांनी कस्तुरीला खरे उत्तर दिले होते आणि तिने ते जसेच्या तसे टिपले होते. जी मुलगी चोवीस घरांतून एक खरा मतभेद ऐकून आणते ती फॉर्म रचत नाही. सतरा क्रमांकाचा फॉर्म हा तिच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, असे मी लिहिले. ‘सर्वांत भक्कम’ हे शब्द अधोरेखित केले. असे करू नये हे मी विद्यार्थ्यांना सांगत असते.

नियमाप्रमाणे आरोपीची जबानी शेवटी घ्यायची. विद्यापीठातल्या एका रिकाम्या वर्गात दुपारी कस्तुरी माझ्यासमोर बसली. मी तिला निष्कर्ष वाचून दाखवला. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर सुटकेचे काही दिसेना.

“सुटलीस तू,” मी म्हटले. “एक प्रश्न राहिला, तो सगळ्यांनाच विचारतात. उत्तर देणाऱ्याने लिहायला सांगितलं त्याहून वेगळं असं काही तू कुठल्याही फॉर्मवर लिहिलं आहेस का?”

“हा विचारायलाच हवा का, मॅडम?”

“छापलेला आहे.”

“मग, हो. एका. सतरा नंबरवर.”

मी पेन खाली ठेवले. बाहेर कोणीतरी सायकलची साखळी बसवत शिव्या घालत होते. मी नीट ऐकले होते, तरी म्हटले, “मला नीट ऐकू आलं नाही. मी तो प्रश्न परत वाचते.” वीस वर्षांत असे मी प्रथमच केले, आणि का केले हे आम्हा दोघींनाही कळत होते. ‘नाही’ एवढाच शब्द हवा होता. तिच्याविरुद्ध बोलू शकणारी एकच बाई होती, आणि ती बोलली नव्हती.

“परत वाचलात तरी तेच सांगीन,” ती म्हणाली. “तुम्ही दहा-बारा घरं पालथी घातलीत, मला खोटी ठरवलंय ते खरं की काय ते बघायला. आता मी सांगतेय तर तुम्हालाच नको झालंय.”

“नागपूरला परत जावं लागेल तुला.”

“माहितेय. पण तुम्ही तोच एक फॉर्म वर ठेवलात ना. बाकीच्यांवर सोडवलं असतंत तर कदाचित गप्प बसले असते.” मग जरा हसली. “नसतेही बसले. लिहून देऊ का? तुम्ही लिहिलंत तर चांगलं मराठी कराल.”

मी तिला कागद दिला.

अहवाल मी त्याच आठवड्यात पाठवला, अधोरेखित वाक्य काढून. कंपनीने तेवीस घरांबद्दलचा आरोप मागे घेतला आणि एका फॉर्ममध्ये फेरफार केल्याबद्दल कस्तुरीचे पत्र रद्द केले. नियमाला धरून ते बरोबर आहे. त्यात मला दोष काढता येत नाही, आणि मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. ‘एका सुरात बोलणारा समाज’ हे प्रकरण ऑगस्टमध्ये पुन्हा छापले गेले. सतरा क्रमांकाच्या घरातला मतभेद वगळल्यामुळे एकमताचा आकडा आता शंभर टक्के भरतो, आणि खाली तळटीप आहे की फॉर्मांची सत्यता केंब्रिजच्या एका स्वतंत्र तज्ज्ञाने पडताळली आहे. ती तज्ज्ञ मी. टिपेतले प्रत्येक अक्षर खरे आहे.

कस्तुरीचे निवेदन कंपनीने परिशिष्टातून गाळले, पुन्हा जागा वाचवण्यासाठी. ते जसेच्या तसे असे:

“सतरा नंबरच्या दुसऱ्या फॉर्मवर मी जे लिहिलं ते सुमनकाकूंनी मला शेवटी लिहायला सांगितलेलं नाही. काका फोनवर होते. काकू चहा टाकत होत्या. मी प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, त्याने जावं, एवढी माणसं मेली आणि चुकलं म्हणायला याची जीभ उचलत नाही, शाळेत पाच वर्षांच्या पोरालासुद्धा आम्ही सॉरी म्हणायला लावतो. मी ते लिहिलं. मग काका आत आले आणि काकू म्हणाल्या, ते खोड गं, यांनी सांगितलं तेच लिही. मी पेन वरून फिरवलं, पण टेकवलं नाही. काकूंना वाटलं मी खोडलं. बाकी तेवीस घरांत मला जे सांगितलं तेच मी लिहिलं, आणि दर वेळी बसमध्ये बसल्यावर वाटायचं की आपण खोटं लिहून आणलं. सतरा नंबरच्या दिवशी तसं वाटलं नाही. मी भरलेला खोटा फॉर्म तेवढाच.”