सतरा नंबरची नस

सोनोग्राफीच्या खोलीत मान होता तो फक्त तपासणी करणाऱ्या बाईंच्या हाताला. टेबलाचा एक पाय पुठ्ठ्यावर टेकलेला, पडद्याला ठिगळं. पण मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला खेटून जाणारी, मोहरीच्या दाण्याएवढी जाड नस बाई एका झटक्यात शोधायच्या. ही नस मेंदूतून निघून थेट पोटापर्यंत जाते. एकतीस वर्षांत त्यांनी दोन पेशंटची गल्लत केली नव्हती, आणि हे त्या दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायच्याच.

मोठ्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा काम बाईंकडे आलं ते त्यामुळेच. हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतं. डॉक्टरांना मोजायचं होतं ते न दिसणारं: वास जाणं, बद्धकोष्ठता, झोपेत लाथा झाडणं, मन खचणं, खाल्लेलं तासन्‌तास पोटातच पडून राहणं. वीस पेशंट आणि त्याच वयाची वीस धडधाकट माणसं. प्रत्येकाचा प्रश्नांचा फॉर्म भरायचा, उपाशीपोटी मानेतली नस रोगाने बारीक झालीय का ते बघायचं, मग ग्लासभर दूध आणि चार बिस्किटं द्यायची आणि दोन तासांनी पोट कितपत रिकामं झालं ते मोजायचं. चित्रं बाईंनी काढायची, मोजायची डॉक्टरांनी; चित्रांवर नाव नाही, नुसता नंबर. नावांची यादी डॉक्टरांच्या कपाटात, मोजमाप संपेपर्यंत कुलूपबंद.

एके सकाळी धडधाकटांपैकी एक आलाच नाही. बाईंनी आपल्या घरी फोन लावला आणि त्याच्या जागी नवऱ्याला उपाशीपोटीच बोलावून घेतलं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. अलीकडे डोळे दमतात म्हणून दुकान अर्धाच दिवस उघडायचा. आला, आणि फॉर्म पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला. बाईंनी पेन हिसकावलं.

"द्या इकडे. तुम्ही लिहाल तोवर माझी पेन्शन सुरू होईल."

वास येतो का? येतो, असं बाईंनी लिहिलं. महिन्यापूर्वी गॅसवर दूध जळून कोळसा झालं होतं आणि हा गृहस्थ शेजारी पेपर वाचत बसला होता. पण त्याला बाई बेफिकिरी म्हणत. झोप? उत्तम. गेली दोन वर्षं बाई वेगळ्या खोलीत झोपत होत्या, कारण तो झोपेत लाथा मारायचा. "जागेपणी बोलायची हिंमत नाही, म्हणून रात्री हिशेब चुकता करतात," असं त्या मैत्रिणींना हसत सांगायच्या. भूक? चांगली. हे तर धादांत खोटं होतं. ताट अर्धं सोडून उठायचा, आणि बाई ओरडायच्या, "नखरे पुरे झाले, संपवा ते!" पण धडधाकट म्हणून आणलेला माणूस धडधाकट असायला हवा ना? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. रोज चार परक्या माणसांना विचारायचे तेच प्रश्न समोर होते, आणि उत्तरं लिहिताना बाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

त्याला सतरा नंबर मिळाला. पाठोपाठ आला तो अठरा: पेशंट, निवृत्त बस ड्रायव्हर, हात सारखा थरथरणारा, बरोबर बायको.

महिन्याने यादी उघडली. सतराची नस दोऱ्यासारखी बारीक, दोन तासांनंतरही पोट भरलेलं. अठराचं सगळं व्यवस्थित. बाईंनी सतरासमोरचं नाव दोनदा वाचलं. मग त्या मोठ्याने हसल्या.

"डॉक्टर, माझ्याच हातून नंबर उलटे पडले. त्या दिवशी घाई होती फार."

एकतीस वर्षांत जिने चूक केली नव्हती, ती आपणहून चूक कबूल करत होती. डॉक्टर शंका कशाला घेतील? त्यांनी नंबर बदलले. ड्रायव्हरच्या कागदांवर लिहिलं गेलं: पोट फार सावकाश रिकामं होतं, थोडं थोडं पातळच द्यावं. बाईंना ठाऊक होतं की नंबर उलटे पडले नव्हते. दोन्ही वेळा त्यांनी ते स्वतः टाइप केले होते, स्वतः तपासले होते. पण ठाऊक असणं आणि ते मान्य करणं यात माणूस किती दिवस काढू शकतो, याला काही सुमार नाही.

बाईंनी पाच आठवडे काढले. मग एका सकाळी ड्रायव्हरची बायको दारात उभी राहिली.

"बाई, तुम्हीच यांचं पोट पाहिलं होतं. एक विचारू?"

"विचारा की."

"हे सारखं भूक भूक करतात. मी म्हणते, अहो, पोट भरलेलंच आहे तुमचं, मशीनमध्ये दिसलंय. तर रडतात लहान मुलासारखे. सात किलो वजन गेलं. परवा शेजाऱ्यांच्या ओट्यावरची पोळी उचलून खाल्ली." ती थांबली. "मी मारलं त्यांना. हातावर. हात तर असा थरथरत होता, आणि मी त्याच्यावरच मारलं. काल चक्कर येऊन पडले, मनगट मोडलं. मला एवढंच सांगा, पोट भरलेलं असताना भूक लागते का हो?"

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले.

"त्यांचं पोट भरलेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते पोट दुसऱ्याचं होतं. मी नंबर बदलायला लावले. त्यांना जेवायला घाला. आत्ता घरी जाऊन पोटभर घाला."

ड्रायव्हरची बायको वळलीच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती धावत जिना उतरली, चपलेचा अंगठा तुटला तरी थांबली नाही.

डॉक्टरांपुढे बाईंनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता तुमच्या सांगण्यावर मी काहीच लिहिणार नाही. दोघांची पुन्हा तपासणी करा. मी शेजारी उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी दोघे पुरुष एकाच बाकावर बसले, एकाचं मनगट प्लास्टरमध्ये. बाईंनी दूध आणि बिस्किटं दिली. ड्रायव्हरने डाव्या हाताने चारही बिस्किटं संपवली, बशीतला चुरा बोटाने टिपला, आणि विचारलं, "अजून एक मिळेल का?"

"दोन तास नाही, काका," बाई म्हणाल्या. "तपासणी आहे ना."

तो मान हलवून मुकाट बसला. नाही म्हटलेलं ऐकायची त्याला आता सवय झाली होती. घड्याळवाल्याने तिसरं बिस्किट दुधात बुडवून कसंबसं गिळलं आणि चौथं हातात धरून भिंतीकडे बघत राहिला. ते संपवायला त्याला पाऊण तास लागला. बाईंनी या वेळी घाई केली नाही.

दोन तासांनी ड्रायव्हरचं पोट रिकामं होतं. मग नवरा टेबलावर आडवा झाला. बाईंनी जेल लावलं, मशीनचा प्रोब टेकवला. दूध जागच्या जागी होतं. मानेतली नस तशीच, बारीक. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर रोग ठरत नाही, आणखी तपासण्या लागतील. आणि बाहेर गेले.

बाईंनी कोरा फॉर्म काढला.

"वास येतो का?"

"नाही."

"कधीपासून?"

"दोन-अडीच वर्षं झाली असतील."

"झोपेत काय दिसतं तुम्हाला?"

"कुणीतरी तुझ्या अंगावर धावून येतं. मी त्याला हाकलत असतो."

बाईंचं पेन थांबलं. दोन वर्षं त्यांनी याच लाथांचा विनोद करून मैत्रिणींना हसवलं होतं.

"भूक?"

"नाही लागत. तू ओरडतेस म्हणून खातो." त्याने पोटावरचं जेल पुसायला कापूस घेतला. दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांवर हलकेच घासत होता, गोळी वळावी तसा. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी. रोज सगळ्यांना विचारतेस."

बाहेरच्या बाकावर ड्रायव्हरची बायको डबा उघडत होती. झाकण पडल्याचा आवाज आला. बाईंनी नवऱ्याच्या हातातून कापूस घेतला आणि त्याचं पोट पुसलं. मग जुना फॉर्म काढून त्यावर तिरपी रेघ मारली आणि खाली सही केली, कारण तिथलं अक्षर त्यांचंच होतं.