होय म्हणायची तालीम

आमच्या ह्यांना कशालाही आधी नाही म्हणायची खोड आहे. चहा टाकू का विचारलं की नाही, आणि कप समोर ठेवला की घटकेत रिकामा. लग्नाचं विचारलं तेव्हाही म्हणे आधी नाहीच म्हणाले होते. त्यात सगळा जन्म सभागृहात विरोधी बाकावर गेला. म्हणजे आधीच मर्कट, तशात मद्य प्याले!

पण या वेळी विधेयक त्यांचं स्वतःचं होतं. निवडणुकीत कुठल्या उमेदवाराला कोणी पैसे पुरवले, ती नावं मतदानाआधी चौकात लावायची, एवढंच. तरुणपणापासून ते याच्यामागे हात धुऊन लागलेले. आता गुडघे गेले, पुढची निवडणूक लढवायची नाही असं ठरलेलं. या वेळी विधेयक पडलं असतं तर कायमचंच.

म्हणून विधेयक मताला यायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तालीम झाली. सूनबाई सभापती, हातात लाकडी डाव.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय!"

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं."

"नाही!"

सूनबाईंनी डाव कपाळाला लावला. "अहो बाबा, दुसऱ्या वेळी गप्प बसायचं!"

"कळतं मला," हे गुरगुरले.

दुसऱ्या दिवशी मी प्रेक्षक गॅलरीत जीव मुठीत धरून बसले. होय हे अगदी खणखणीत म्हणाले, सोबतीला दोन-चार आवाज. मग दोन्ही बाजूंनी 'नाही'चा गलका उठला, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज ह्यांचा. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

सभागृह खदखदून हसलं. सभापतींनाही हसू आवरेना. "सन्माननीय सदस्य, होयही तुम्हीच आणि नाहीही तुम्हीच?"

हे बाकाला धरून उठले. कान लालबुंद. "चूक झाली, महोदय. या गलक्यात माझं मत मलाच सापडेना. इतरांचंही तसंच झालं असेल. सगळ्यांना उभं करून मोजा."

हसणं थांबलं. घोळक्यात ओरडायला कोणाचं काय जातं? पण उभ्या माणसाचं तोंड दिसतं, आणि वर वार्ताहर बसलेले.

"अनुकूल असतील त्यांनी उभं राहावं."

हे उभेच होते, एकटे. बाक दोन्ही हातांनी धरून ठेवलेला मला वरून दिसत होता. कोणीतरी उठा रे, मी मनात म्हणत होते. मग समोरून, सत्ताधारी बाकावरून एक बाई उठली. तिच्यामागे एक जण शर्ट सारखा करत उठला. मग बाकं करकरायला लागली. 'नाही'ची पाळी आली तेव्हा बऱ्याच जणांच्या बुटांच्या नाड्या एकदम सुटल्या होत्या, सगळे बांधायला खाली वाकलेले.

विधेयक मंजूर झालं. मी चारचौघांत रडले, लाज वाटली नाही.

घरी आल्यावर हे गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मी शेजारी टेकले.

"झालं ना समाधान?"

"नाही," ते म्हणाले, आणि माझा हात ओढून डोळ्यांवर धरला. हात ओला झाला.