‘मग पुढे?’ नसलेलं वाक्य

डिव्हाइज : डोकं चालवून उपाय शोधणे, युक्ती योजणे.
उदा. *भावाने वडिलांना घरातून हलवण्याची युक्ती योजली.*

“मग पुढे?” समोरच्या टेबलावरून पुढेकाकांनी विचारलं.

झालं. वाक्य बाद.

त्या इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत ही पद्धत फार जुनी होती. शब्दाचा अर्थ ज्याचा त्याने लिहावा, पण उदाहरणाचं वाक्य मात्र समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याने मान हलवली तर पास. त्याला पुढचं ऐकावंसं वाटलं तर नापास. कोश उघडणारा माणूस शब्द बघायला येतो, गोष्ट ऐकायला नाही. तो उदाहरणातच गुंतला तर शब्द बाजूलाच राहायचा. पुढेकाका हे ऐकण्याचं काम इतकी वर्षं करत होते, की त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

घरात सगळे जिला धाकटी म्हणत, तिच्या वाट्याला या आठवड्यात एकाच कुळातली क्रियापदं आली होती. बेत रचायची, आणि मनातलं शब्दांत मांडायची. एरवी तिची वाक्यं एका फटक्यात पास व्हायची. ‘माळ्याने झाडांना पाणी घातले’ याच्या पलीकडे ती सहसा जात नसे. “तुझ्याइतकं नीरस कुण्णी लिहीत नाही गं,” असं पुढेकाका कौतुकाने म्हणायचे.

“समिती घाल,” ते आता म्हणाले. “समितीने युक्ती योजली. समितीचं पुढे काय झालं, हे जगात कुणी विचारत नाही.”

हॅच : इंग्रजीत कट अंड्यासारखा उबवतात. आपल्याकडे तो शिजतो.
उदा. *बहीणभावांनी फोनवर कट शिजवला.* (बाद.)

फोनवरच शिजला होता. बाबा एकटे राहायचे, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मागच्या महिन्यात जिन्यात घसरले, तेव्हापासून गुडघा सुजलेलाच. दादा लांब, दुसऱ्या शहरात.

“हे बघ,” दादा म्हणाला होता, “पंधरा दिवस हवापालटाला चला म्हणायचं. एकदा इकडे आले की रुळतील. मग ते घर आपण गुपचूप भाड्याने देऊन टाकू.”

“आणि परत जायचं म्हणाले तर?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. तू फक्त बोल त्यांच्याशी. मी तोंड उघडलं की आमचं वाजतं. आणि शब्द हा तुझा धंदा आहे.”

“बरं,” ती म्हणाली होती. पण ते ‘बरं’ तिला अजून पटलं नव्हतं.

कारण दादाने काहीही सांगितलं की बाबांचा एक ठरलेला प्रश्न असायचा, “धाकटी म्हणतेय का तसं? मग खरं.” ती पंधरा दिवस म्हणाली, तर बाबा पंधराच दिवसांचे कपडे भरणार. एकही सदरा जास्त घेणार नाहीत.

फॉर्म्युलेट : धोरण, नियम इत्यादी नीट बांधून मांडणे.
उदा. *समितीने नवे धोरण आखले.*

पुढेकाकांनी जांभई दिली. पास.

कन्कॉक्ट : सबब रचणे, बनाव करणे.
उदा. *मुलीने हवापालटाची सबब रचली.*

“मग पुढे? पटली का त्यांना?”

“कुणाला?”

“सबब कुणालातरी सांगितली असेल ना तिने!” पुढेकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, आधी वडील, मग बहीणभाऊ, आता मुलगी. शब्द बदलतायत, कुटुंब तेच. माझा चहा गार झाला तुझ्या नादात.”

“सहज सुचलं हो.”

“सहज सुचलेलं इतकं सलग नसतं.”

पण याहून जास्त त्यांनी विचारलं नाही. ते वाक्यांना खोदून विचारायचे, माणसांना नाही.

फ्रेज : योग्य शब्दांत बसवणे.
उदा.

ही जागा कोरीच राहिली. रविवारी बाबांकडे जाताना बसमध्ये, खिडकीशी बसून ती भरायचा धाकटीने पुष्कळ प्रयत्न केला. *बाबा, दादाकडे जरा जाऊन या.* त्यातलं ‘जरा’ खोटं. *बाबा, तुम्हाला बदल हवा.* हवाय कुणाला? *बाबा, आम्हाला वाटतं.* हे तेवढं खरं होतं, पण त्याच्यापुढे गाडी हलेना.

आर्टिक्युलेट : मनातलं स्पष्ट शब्दांत सांगणे.

बाबा खिडकीपाशी, पाय स्टुलावर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं, त्यामुळे घरात कुणी आत आलं की त्यांची नजर आधी पायांकडे जायची.

“ये. धापा टाकतेयस. चढावर गिअर बदलायचा असतो.”

“बाबा, दादा म्हणत होता...”

“दादाचं राहू दे. तू काय म्हणतेस?”

वाक्य तयार होतं. हवापालट, पंधरा दिवस, नातवंडांची सोबत. इतकं गुळगुळीत, की पुढेकाकांनी ऐकता ऐकता मान हलवली असती. त्यात ‘मग पुढे’ नव्हतंच. ते आधीच कापून काढलेलं होतं, आणि जे कापलं होतं ते म्हणजे बाबांचं सगळं उरलेलं आयुष्य.

धाकटीने पर्स मांडीवरून खाली ठेवली.

“आम्ही तुम्हाला कायमचं दादाकडे न्यायचं ठरवलंय. पंधरा दिवस म्हणून न्यायचं आणि परत आणायचं नाही. तुम्हाला विचारलं नाही. मीही हो म्हणाले होते.”

बाबांनी गुडघ्यावरची पिशवी उचलली, पिळल्यासारखी दाबली, पुन्हा ठेवली. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू होईना. होईपर्यंत बाबा थांबले.

“वळून झालं आणि आता इंडिकेटर,” ते म्हणाले. “नापास केलं असतं तुम्हा दोघांना.”

“हो.”

“तुला तर डबल. तुझ्यावर मी आरशात न बघता विसंबतो.”

तिने त्यांच्या गुडघ्यावरची पिशवी सरळ केली.

“पण माझी तरी गाडी कुठे सरळ चाललीय,” बाबा जरा वेळाने म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “तळमजल्यावरचा शिंपी माहितीये ना? त्याला उजेड हवा, मला पायऱ्या नकोत. तो वर येतो, मी खाली जातो. घरं ज्याची त्याच्या नावावर, फक्त राहायची अदलाबदल. पडलो तेव्हा त्यानेच उचललं मला. तिथंच, जिन्यात बसल्या बसल्या ठरलं.”

“आणि आम्हाला एका शब्दाने बोलला नाहीत?”

“कसं सांगावं तेच सुचेना! दादा म्हणणार, म्हातारपणी हे काय खूळ. रोज मनात वाक्य जुळवतो आणि रोज मोडतो.”

धाकटीला आधी हसू आलं, मग बाबांना. गुडघा हलला तसे ते “आई गं” म्हणत पुन्हा हसले.

“लाव दादाला फोन,” बाबा म्हणाले.

तिने लावला आणि त्यांच्या हातात दिला. रिंग वाजत असताना बाबांनी फोन छातीशी धरला. “सुरुवात कशी करू?”

“साध्या वाक्याने. ‘जरा’ म्हणू नका.”

बाबांनी घसा खाकरला. “हॅलो. मी खाली, शिंप्याच्या घरात राहायला जातोय.”

पलीकडून दादाचा आवाज, खोलीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जाईल इतका मोठा:

“आँ? अहो बाबा... मग पुढे?”

वाक्य बाद, धाकटीच्या मनात आलं. बाबा खुर्चीत सावरून बसले, आणि त्यांनी पुढचं सांगायला घेतलं.