उलटा मनोरा

जेवणाची सुटी संपून अर्धा तास झाला होता, तरी छापखान्यातलं एकही मशीन सुरू नव्हतं. बांधणीखात्यातल्या लांब टेबलाभोवती पन्नास-साठ माणसं दाटली होती. एरवी जिथे डिंकाची बादली असायची, तिथे गुरुजी बसले होते. अंगात काळा कोट, बोटांत सहा अंगठ्या, पुढ्यात चित्रांच्या पत्त्यांची गड्डी. मालकांनी त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. चार दिवसांपूर्वी माल चढवायची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून कोसळली आणि पुस्तकांच्या पाठीला डिंक लावणारा, सगळ्यांचा लाडका डिंक्या तिच्यात चेंगरून मेला. कुणाच्या पापामुळे मेला, हे गुरुजी पत्ते बघून सांगणार होते.

रीत सोपी होती. एकेकाने पुढे यायचं आणि गड्डीवर तळवा ठेवायचा. गुरुजी पत्ते पिसत आणि वरचा पत्ता उलगडत. कुणाला सूर्य येई, कुणाला चाक, कुणाला पेला. पत्ता आला की माणूस सुटकेचा श्वास टाकून मागे जाई.

कटिंगमास्तरला चांदणी आली. तो कागद कापायच्या मशीनवर तीस वर्षं उभा होता. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक त्या मशीननेच नेलं होतं. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण चांदणी आल्यावर त्यालाही बरं वाटलं, हे कशाला लपवा!

मग त्याची धाकटी बहीण पुढे आली. ती याच टेबलावर फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या छापील पानांच्या घड्या, शिवायची. तिने तळवा ठेवला. गुरुजींनी डोळे मिटले, पत्ते पिसले, आणि पत्ता टेबलावर आपटला.

मनोरा! काळं आभाळ, त्यातून कोसळणारी वीज, मनोऱ्याच्या माथ्यावरून उडालेला मुकुट, खिडक्यांतून जाळ, आणि हवेत भेलकांडणारी दोन माणसं. तेही सगळं उलटं.

"उलटा आला!" गुरुजींचा आवाज चढला. "सुलटा असता तर पडलेला खाली पडला, विषय संपला. उलटा आहे, म्हणजे पडलेला वर येतोय. दुसऱ्याला न्यायला येतोय! मोजा, माणसं किती आहेत? दोन. एक गेला. दुसरा कोण?"

"पुन्हा पिसा," बहीण म्हणाली.

गुरुजींनी पुन्हा पिसले. पुन्हा मनोरा, पुन्हा उलटा.

डिंक्याचा बाप तिथेच हमाली करायचा. चार दिवसांत तो कुणाशी शब्दही बोलला नव्हता. तो पुढे झाला आणि त्याने तिच्या थोबाडीत अशी दिली, की ती टेबलाच्या कडेवर आदळली. ओठ फाटला. मग कुणालाच धरबंद राहिला नाही. जिच्याबरोबर ती रोज डबा खायची, त्या बाईने लाकडी पट्टी तिच्या पाठीत हाणली. दुसऱ्या कुणीतरी केस धरले. "पांढऱ्या पायाची!" "लिफ्टचं तोंड उघडा! हिला तिथेच टाका!" तिने हात वर केला, त्या हातावर पट्टी बसली आणि मनगटात काहीतरी कडकन वाजलं.

आणि कटिंगमास्तर? त्या सख्ख्या भावाचा पाय एक पाऊल मागे सरला होता. दोनदा, तोच पत्ता, कसा काय? एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. बहिणीने गर्दीच्या पायांतून त्याच्याकडे पाहिलं आणि तिला ते पाऊल दिसलं.

"दादाला पिसू द्या!" ती रक्त थुंकत ओरडली. "दादाने पिसून मनोरा आला, तर मी स्वतः उडी मारते!"

गर्दी थबकली. गुरुजी हसले. "पिसू दे की. सख्खा भाऊ पिसेल, तर उद्या कुणी शंका घ्यायला नको." मालकांनी खुर्चीतून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण गुरुजींनी मनोरा आत सारून गड्डी मास्तरच्या हातात दिलीसुद्धा.

मास्तरला पत्ते पिसता येत नव्हते. कागदाचा गठ्ठा हातात आला की त्याला एकच गोष्ट यायची: तो टेबलावर ठोकून कडा सरळ करणं. त्याने ठोकला, कडेवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा अडला. अर्ध्या केसाएवढं काहीतरी बाहेर होतं. त्याने पुन्हा ठोकला. पुन्हा अडला. तीस वर्षांत त्याच्या हातून असा गठ्ठा गेला असता तर मालकांनी त्याला उभा चिरला असता.

"माझे डोळे बांधा," तो म्हणाला.

एकाने त्याच्याच खांद्यावरचं फडकं बांधलं. मास्तरने गड्डी एका टोकाशी चिमटीत धरली आणि ओढली. एक पत्ता सुटून हातात आला. "बोला, काय आहे?"

डिंक्याचा बाप घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मनोरा."

मास्तरने तो तसाच आत घातला, गड्डी वरखाली केली, पुन्हा ओढला. मनोरा. तिसऱ्यांदा मनोरा. त्याने तो पुन्हा आत सारला आणि फडकं काढलं.

"माझ्या अंगात कुणी आलेलं नाही," तो म्हणाला. "गड्डी तिरकी कापलीय. प्रत्येक पत्ता एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला नखभर अरुंद. सगळे एका दिशेने लावायचे आणि एकच फिरवून ठेवायचा. त्याचं रुंद टोक बाकीच्यांच्या अरुंद टोकांतून बाहेर राहतं. हवा तेव्हा ओढून वर आणायचा, नको तेव्हा आत ठेवायचा. म्हणून सगळ्यांचे पत्ते सुलटे आणि मनोरा तेवढा उलटा. तो सुलटा ठेवला तर यांना सापडायचाच नाही!"

"शाप लागेल हं!" गुरुजी उठले. "शक्तीची परीक्षा घेणाऱ्याचं..."

"बसा खाली!" मास्तर असा गरजला, की गुरुजी खरंच बसले. त्याने गड्डी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. "आता ही कड बघा. वरपासून खालपर्यंत ओरखडा दिसतो?"

माणसं वाकली. तो ओरखडा छापखान्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. कटिंग मशीनच्या पात्याला खोच पडली होती आणि इथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या कडेवर तो ओरखडा उठायचा. गिऱ्हाईकं कटकट करायची. मालक पातं बदलत नव्हते. गड्डीवरचा ओरखडा मात्र एका जागी तुटला होता. मास्तरने मनोरा काढला, फिरवून सुलटा आत घातला. ओरखडा अखंड झाला.

"ही गड्डी माझ्या मशीनवर कापलीय. मी कापलेली नाही. मशीनची दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

सगळ्या माना मालकांकडे वळल्या. मालकांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

पुढचं घडायला क्षण लागला नाही. गुरुजींची कॉलर तिघांच्या मुठीत आली, नाक फुटलं, काळ्या कोटाच्या चिंध्या झाल्या. मालक खुर्चीसकट आडवे झाले. डिंक्याच्या बापाने कोपऱ्यातली पहार उचलली.

"थांबा!" बहीण टेबलाला धरून उभी राहिली होती. मोडलेला हात तिने पोटाशी धरला होता. "मघाशी गुरुजींनी सांगितलं म्हणून मला मारलंत. आता दादाने सांगितलं म्हणून यांना मारताय. अरे, चार दिवस झाले, तुमच्यातल्या एकाने तरी लिफ्टचा दोर बघितला का? दोर झिजलाय म्हणून मालकांना दोनदा लेखी दिलं होतं मी. म्हणूनच पत्ता माझ्या नावावर निघाला!"

पहार हवेतच थांबली.

मग डिंक्याचा म्हातारा बाप लिफ्टच्या तोंडाशी गेला आणि त्याने तुटलेला तारेचा दोर वर ओढून घेतला. टोक उजेडात धरलं. बाहेरून वंगण फासलेलं, आत गंज. तारा एकेक करून तुटत गेल्या होत्या; चार-सहाच काय त्या ताज्या तुटलेल्या, चकचकीत. त्याने बोट फिरवलं, बोटाला गंजाची तांबडी पूड लागली. तो खाली बसला आणि चार दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडला.

"पोरी," तो म्हणाला, "हे इथेच लोंबत होतं गं. दहा पावलांवर."

दोन बायांनी गुरुजींना आणि मालकांना कोठारात कोंडून पोलिसांना फोन लावला. जिने पट्टी मारली होती, ती आपल्या ओढणीने बहिणीचा हात बांधू लागली. तिची मान काही वर होईना.

मास्तर जवळ आला.

"दादा, तूही मागे सरकलास," बहीण म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "सरकलो."

वाचणाऱ्यांनो, पत्त्यावरचा मनोरा आजवर कुणावर कोसळलेला नाही. तो रंगवलेला कागद आहे. कोसळतात त्या झिजलेल्या लिफ्टा, आणि त्यांच्याखाली तुमच्याआमच्यातलं कुणीतरी सापडतं. कुणी बोट दाखवून "हीच ती!" म्हणाला, तर हात उगारायच्या आधी दहा पावलं चालून जा आणि दोर बघा. त्या बहिणीचं मनगट वाकडंच जुळलं. ती अजून फर्मे शिवते, डाव्या हाताने, आणि मास्तर रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी लिफ्टचा दोर स्वतः बोटांनी तपासतो.