एक जूनची पोरं

कान्हे फाट्यावर पवनच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. गॉगल लावलेला पवन, भोवती डझनभर मित्र आणि वर सोनेरी अक्षरं. हिरीला वाचता येत नव्हतं, पण पोराला ती ओळखत होती. तिच्या लेकाचा, बहिरूचा जोडीदार. चैतात तुंगार्लीतल्या एका बंद बंगल्याच्या पोहायच्या टाकीत दोघं एकाच दुपारी उतरले आणि एकाच वॉचमनला सापडले. बंगल्यातली पाण्याची मोटार चोरीला गेली ती दिवाळीत, आळ आला या दोघांवर, पण तेवढं कोण विचारतंय? पवनचा चुलता संध्याकाळी गाडी घेऊन आला आणि पुतण्याला घरी घेऊन गेला. हिरीच्या ठाकरवाडीत फोनला रेंज नाही. तिला कळलं तिसऱ्या दिवशी, तोवर बहिरू पुण्याच्या निरीक्षणगृहात पोचलासुद्धा होता.

आज तिथं बाल न्याय मंडळापुढं त्याच्या वयाचा निकाल लागायचा होता. आधार कार्डावर बहिरू एकोणीस वर्षांचा. आधारच्या कॅम्पातल्या माणसानं पोराची उंची बघितली, वय ठोकून दिलं आणि मोकळा झाला. हिरीनं मुकाट अंगठा उठवला. आता तेच कार्ड खरं धरलं, तर पोरगं मोठ्यांच्या तुरुंगात जाणार. म्हणून ती तांबडं फुटायच्या आत आंदर मावळातून चालत निघाली होती. बाजीराव गुरुजींनी दिलेला शाळेचा दाखला तिच्या चोळीत होता. त्या कागदावर बहिरूला आजच सोळा वर्षं पूर्ण होत होती.

गाडीत तिला डुलकी लागली. बेगडेवाडी स्टेशन कधी गेलं, कळलंच नाही. मागच्या भेटीत बहिरूनं सांगितलं होतं, "आये, पानी इतकं निळं व्हतं, खाली आभाळ अंथरल्यावानी. मी चोराया न्हाई गेलो. बगाया गेल्तो." झोपेत तेच पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. तळाशी त्यांचाच डोंगर होता, जांभळ्या कारवीनं भरलेला, आणि तिचं पोरगं त्या फुलांवरनं हळूहळू पोहत होतं. हिरी त्याला हाक मारायला गेली, तर तोंडातनं फुलंच बाहेर पडली. मग शेजारणीनं हलवून उठवलं आणि शिवाजीनगर आल्याचं सांगितलं.

निरीक्षणगृहाच्या ओसरीत फुगे टांगले होते. गोरख नावाचं एक बारकं पोरगं फळ्यावरचं वाचत होतं. "आजचे वाढदिवस," असं म्हणून त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली ती संपेनाच. बहिरूचंही नाव आलं. बत्तीस पोरांत तेवीस जण एक जूनला जन्मलेले!

"समदे कुटले रं?" हिरीनं विचारलं.

पोरं सांगू लागली. कुणी ठाकरवाडीवरचा, कुणी कातकऱ्याच्या वस्तीवरचा, कुणी पारध्याच्या पालावरचा. त्या तेविसांत गावठाणातला एकसुद्धा नव्हता. आता यात गुरुजी लोकांना तरी काय बोलायचं? पोर कधी झालं म्हणून विचारावं, तर एक आई म्हणायची लावणीत, दुसरी म्हणायची होळीच्या मागंफुडं. गुरुजी लिहायचे एक जून. सहा वर्षं भरली, पोर पहिलीत बसलं. भल्या मनानं केलेलं काम, पण आज ते पोरांच्याच गळ्याशी आलं होतं.

कारण तिला आत मंडळापुढं बोलावलं, तेव्हा अधिकारी नेमकं तेच धरून म्हणाला. "मॅडम, तेवीस जणांची एकच तारीख. असल्या दाखल्यांवर भरवसा कसा ठेवायचा? आधारच धरू."

मंडळाच्या अनिता मॅडम हिरीकडं वळल्या. "मावशी, तुम्हीच सांगा. मुलगा कधी झाला?"

तारीख हिरीपाशी नव्हती. होता तो डोंगर, आणि तो अजून डोळ्यांपुढनं हलला नव्हता. ती त्याच्याकडंच बघत बोलली.

"कारवी फुलली व्हती. समदा डोंगुर जांभळा. मी भाकर घिऊन चालले व्हते, वाटंतच कळा आल्या. फुलांतच झाला ह्यो. अंगाला मधाचा वास येत व्हता. त्याच्यानंतर दोन डाव फुलली, दुसरी मागल्या साली."

"किती वर्षांनी फुलते?"

"आठ वर्सांनी. ती चुकत न्हाई, मॅडम. आधारवाला चुकतो."

मॅडमनी बोटं मोजली. सोळा, आणि वर थोडे महिने. दाखला हातात घेऊन त्यांनी त्यावरची तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "दाखला ग्राह्य. मुलगा अल्पवयीन आहे. आईच्या ताब्यात द्या, पुढच्या तारखेला घेऊन या."

पोराचा हात धरून हिरी ओसरीत आली, तर गोरख वाटेतच उभा. दाराआडून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मावशी, मी कवा झालो असंन?"

"तुजी आय काय सांगती?"

"आय न्हाई."

"आये, गाडी जाईल," बहिरू म्हणाला. हिरी मात्र खाली बसली. गोरखचं तोंड तिनं दोन्ही हातांत धरलं आणि खूप दिवसांपूर्वीचं काही आठवावं तसं त्याच्याकडं बघत राहिली.

"तू व्हय? तू थंडीत झाला. वालाला शेंगा आल्या व्हत्या. तुज्या आयनं तुला पदरात गुंडाळलं आन् चुलीपाशी धरून बसली. रातभर खाली ठिवला न्हाई."

मग बाकीची पोरंही सरकत आली. हिरीनं कुणाला आंब्याच्या मोहरात जन्माला घातलं, कुणाला भात कापणीत, कुणाला जत्रेच्या आदल्या दिवशी. एकालाही दुसऱ्याचा दिवस दिला नाही. गाडी कधीच निघून गेली होती.

मायलेकरं फाटकापाशी पोचली तेव्हा आत केक आला. शिपायानं सगळ्यांना रांगेत बोलावलं. गोरख फळ्यापाशी गेला आणि तळहातानं त्यानं आपलं नाव पुसून टाकलं.

"माजा आज न्हाई," तो शिपायाला सांगत होता. "माजा थंडीत आस्तो."